ओव्हन २५० अंशांचा असेल तर कोणता पिझ्झा शिकावा?

प्रश्न थोडक्यात असा. प्रश्नकर्ते चार महिने घरी नेपल्सच्या पद्धतीचा पिझ्झा जमवायच्या मागे आहेत. इटालियन डबल झिरो मैदा आणला, सान मार्झानोचे डबाबंद टोमॅटो आणले, पाण्यात ठेवलेलं ताजं मोझरेला आणलं. ओव्हन २५० अंशांच्या वर जात नाही. पिझ्झा दर वेळी पांढुरका होतो, काठ टणक आणि मधला भाग ओलागच्च. त्यांचे मेव्हणे काही वर्षं शिकागोत होते. त्यांच्या मते खरा पिझ्झा जाडच असतो. न्यूयॉर्कमध्ये वाढलेल्या सहकारी बाईंच्या मते दोघांनाही पिझ्झा कळलेला नाही. तर अस्सल कोणता, आणि शिकायला कोणता घ्यावा?

मी सोळा वर्षं पिझ्झाच्या भट्टीपुढे उभी आहे, त्यातली पहिली सहा दुसऱ्याच्या. ‘अस्सल कोणता’ या प्रश्नावर मी पुष्कळ वाद ऐकलेत, काही घातलेतही. पण तुमची अडचण ती नाही. दीड मिनिटात भाजायचा पिझ्झा तुम्ही दहा मिनिटं भाजताय, ही तुमची अडचण आहे. साहित्य उत्तम आहे, चार महिने चिकाटीने करताय म्हणजे हातही बसला असणार. कृती मात्र वेगळ्याच भट्टीसाठी लिहिलेली आहे.

तुमचा ओव्हन मी पाहिलेला नाही, हे आधीच सांगते. वरची ग्रिल स्वतंत्र चालते का, आत पंखा आहे का, पिझ्झा कशावर ठेवता, हे माहीत नसताना छातीठोक सल्ला देणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. म्हणून पुढचे आकडे सुरुवातीपुरते धरा आणि दोन-तीनदा करून आपल्या ओव्हनप्रमाणे बदला.

आता नेपल्सकडे. तिथल्या पिझ्झावाल्यांनी १९८४ साली एक संघटना काढली, ‘असोचियात्सिओने वेराचे पित्सा नापोलेताना’. ‘वेराचे’ म्हणजे अस्सल, म्हणजे तुमचा प्रश्न नावातच आला. तिची नियमावली कडक आहे. पिठात मैदा, पाणी, मीठ आणि यीस्ट, बस्स. तेल नाही, साखर नाही. गोळा हातानेच पसरायचा, लाटणं लावायचं नाही. पिझ्झाचा व्यास ३५ सेंटीमीटरच्या पुढे जाऊ द्यायचा नाही. लाकडाची भट्टी साधारण ४३० ते ४८० अंशांवर आणि भाजणं ६० ते ९० सेकंद. २०१० साली युरोपीय संघाने या पिझ्झाला पारंपरिक पदार्थ म्हणून संरक्षण दिलं. २०१७ मध्ये युनेस्कोने वारसा यादीत घेतली ती मात्र तिथल्या पिझ्झाइओलोची, म्हणजे करणाऱ्याची कला. मला हे फार पटतं, कारण तिथलं साहित्य विकत आणता येतं, पण त्या माणसाचा हात आणि समोरची भट्टी डब्यात भरून येत नाही.

त्या दीड मिनिटात काय घडतं ते पाहा. काठातलं पाणी एकदम वाफ होतं आणि काठ फुगतो. घुमटाकडून येणारी धग वरचा पापुद्रा जागोजाग करपवते, त्यालाच चित्त्याचे ठिपके म्हणतात. आतलं पीठ कोरडं पडायच्या आत पिझ्झा बाहेर आलेला असतो. म्हणून तो लुसलुशीत राहतो, मधे थोडा ओलाही. तिथे तो काट्या-सुरीने खातात, नाहीतर रस्त्यावर चार घड्या करून, पैशाच्या पाकिटासारखा. कुरकुरीतपणाची अपेक्षा तिथे कुणी करत नाही.

हाच गोळा २५० अंशांत घातला की सगळं उलटं होतं. वरून धग नाही, त्यामुळे रंग चढत नाही. रंगाची वाट पाहत तुम्ही पिझ्झा आत ठेवता, तोवर काठातलं पाणी उडून जातं आणि काठ टणक होतो. मधे ताजं मोझरेला दहा मिनिटं पाणी सोडत बसतं. पांढरा, कडक आणि ओला, हे तिन्ही दोष एकाच पिझ्झात कसे आले असं तुम्हाला वाटलं असेल. तिन्हींचं मूळ एकच आहे, वेळ.

मैद्याचीही गंमत आहे. डबल झिरो हा इटलीतला दर्जा प्रामुख्याने पिठातल्या राखेच्या प्रमाणावर ठरतो, म्हणजे कोंडा किती काढलाय त्यावर. ते पीठ ताकदवान आहे की नाही हे त्यावरून कळत नाही. शिवाय त्यात बहुधा माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याची पूड, नसतं. अमेरिकेतल्या ब्रेडच्या पिठात थोडं माल्ट घातलेलं असतं. त्यामुळे पिठातल्या स्टार्चची साखर होते आणि कमी आचेवरही काठाला खरपूस रंग येतो. ४५० अंशांच्या भट्टीत रंग लवकर येऊन चालत नाही, म्हणून तिथे माल्ट नसणं सोयीचं. तुमच्या ओव्हनमध्ये नेमका तोच गुण अवगुण ठरतो. घरी पिझ्झा करणाऱ्या निदान निम्म्या लोकांनी महागातला मैदा आणून आपली अडचण वाढवलेली मी पाहिली आहे.

तुमची चूक मी उलट्या बाजूने केली होती, म्हणून ती चटकन ओळखता आली. शिकाऊ असताना मालक बाहेरगावी गेले आणि मी हुशारी केली. घरच्या ओव्हनमध्ये छान होणारं पीठ, साखर आणि तेल घातलेलं, भट्टीवर आणलं. पहिला पिझ्झा मिनिटभरात बाहेर काढला तेव्हा वरून सुंदर दिसत होता आणि तळ कोळसा झाला होता. बारा गोळे होते. बारावा टाकेपर्यंत मी भट्टीलाच दोष देत होते.

तेव्हापासून कुठल्याही गावचा पिझ्झा समोर आला की मी आधी भट्टी विचारते. तिथे काय जळत होतं, तळाला फरशी होती की पत्रा, आणि गिऱ्हाईक तो कुठे, कसा खाणार होतं? एवढं कळलं की पिठात काय घातलं असेल याचा अंदाज बहुतेक वेळा बरोबर निघतो. ‘अस्सल’ शब्दाशी मी फार झटत नाही, त्याचं कारण हेच. नेपल्समध्ये तरी कुठे एकमत आहे? जुन्या घराण्यांचा पिझ्झा ताटाबाहेर लोंबणारा, पातळ आणि अरुंद काठाचा. त्याला गाडीचं चाक म्हणतात. नव्या मंडळींचा काठ असा फुगलेला की त्याला ‘कनोत्तो’, म्हणजे रबरी होडी, असं नाव पडलं. चाकवाले होडीवाल्यांना नाकं मुरडतात. आणि १८८९ साली राणी मार्गेरितासाठी राफाएले एस्पोझितो यांनी लाल-पांढरा-हिरवा पिझ्झा केला ही सगळ्यांची लाडकी गोष्ट, तिच्यावरही इतिहासकार शंका घेतात.

रोम नेपल्सपासून फार लांब नाही, पण तिथला गोल पिझ्झा लाटण्याने लाटतात, पिठात थोडं तेल घालतात आणि तो तोंडात कुरकुर वाजला पाहिजे असा हट्ट असतो. रोमचा दुसरा प्रकार म्हणजे ‘अल तालिओ’. लोखंडी चौकोनी ट्रेमध्ये भाजलेला, कात्रीने कापून वजनावर विकलेला. त्याच्या पिठात पाणी भरपूर, शंभर ग्रॅम मैद्याला पंचाहत्तर-ऐंशी ग्रॅम किंवा त्याहूनही जास्त. इतकं सैल पीठ ट्रेशिवाय उभं राहणार नाही. पण विजेच्या ओव्हनच्या बेताच्या आचेवर ते वीसेक मिनिटं भाजलं तरी आतून कोरडं पडत नाही, आणि तुकडा पुन्हा गरम केला तरी चांगला लागतो. तुमच्यासारख्यांनी रोमच्या या ट्रेकडे आधी पाहायला हवं होतं. पण नाव नेपल्सचं मोठं, त्याला इलाज नाही. पालेर्मोचा ‘स्फिंचोने’ही याच जातीचा. स्पंजासारखा जाड, वर कांदा, टोमॅटो, अँचोव्ही (खारवलेले छोटे मासे), काचिओकावाल्लो चीज आणि ब्रेडचा चुरा.

न्यूयॉर्कची गोष्ट जरा थांबून सांगण्यासारखी आहे, कारण तुमच्या सहकारी बाईंचा राग त्यातून समजेल. इटलीतून गेलेल्या लोकांना तिथे लाकडाऐवजी कोळशाच्या भट्ट्या मिळाल्या. कोळसा कोरडा आणि कडक तापतो. त्या भट्ट्या अवाढव्य होत्या आणि त्यात पिझ्झे मोठे होत गेले. पुढे गॅसचे ओव्हन आले. ते कुठल्याही छोट्या दुकानात मावायचे, पण तापायचे सुमारे २८० ते ३२० अंशांपर्यंतच. पिझ्झा दीड मिनिटाऐवजी सहा-सात मिनिटं आत राहू लागला. मग पीठवाल्यांनी काय केलं? ताकदवान, माल्ट असलेलं पीठ घेतलं, त्यात दोन-तीन टक्के तेल आणि थोडी साखर घातली. पाणी सोडणाऱ्या ताज्या मोझरेलाच्या जागी कमी ओलाव्याचं मोझरेला आलं. अमेरिकी नियमांप्रमाणे त्यात ४५ ते ५२ टक्के पाणी असतं, साध्या मोझरेलात त्याहून जास्त. सहा-सात मिनिटं भाजलं तरी ते तळं करत नाही, छान ताणलं जातं आणि कडेने किंचित तांबूस होतं.

असा अठरा इंची पिझ्झा काउंटरवर ठेवून त्याचा एकेक तुकडा विकता येतो. गिऱ्हाईक आलं की तुकडा परत ओव्हनमध्ये, दोन मिनिटांत हातात. त्या दुसऱ्या भाजण्यात तळ आणखी कुरकुरीत होतो. टोक खाली लोंबू नये म्हणून लोक तो मधोमध दुमडतात आणि चालता चालता खातात. त्या शहरात वाढलेल्या माणसाला पिझ्झा म्हणजे हा एक तुकडा, एक हात मोकळा आणि चालणं. २०१४ च्या जानेवारीत तिथले नवे महापौर बिल डी ब्लासिओ यांनी पिझ्झा काट्या-सुरीने खाल्ला तर गावभर गहजब झाला. आपल्या पूर्वजांच्या देशात असाच खातात, असं त्यांनी सांगून पाहिलं. नेपल्सच्या हिशेबाने ते अगदी बरोबर होतं, पण चिडलेल्या लोकांना नेपल्सशी काय घेणं!

तिथून जवळच न्यू हेवन. तिथे वूस्टर स्ट्रीटवर फ्रँक पेपे यांनी १९२५ मध्ये दुकान थाटलं आणि कोळशाची भट्टी सोडली नाही. त्यांच्या बोलीत पिझ्झा नव्हे, ‘अबीट्स’. वेडावाकडा आकार, पातळ, चांगलाच करपलेला. साधा पिझ्झा मागितला तर त्यावर टोमॅटो आणि किसलेलं चीज येतं, मोझरेला हवं तर वेगळं सांगावं लागतं. तिथला प्रसिद्ध पिझ्झा पांढरा असतो, टोमॅटोशिवाय, शिंपल्यांतले क्लॅम आणि लसूण घातलेला. बाहेरचा माणूस म्हणतो करपला, तिथला म्हणतो आत्ता कुठे भाजला.

तुमच्या मेव्हण्यांचा शिकागोचा जाड पिझ्झा १९४३ मध्ये पिझ्झेरिया उनोत सुरू झाला. खोल पातेल्यासारखी कड, आणि पिठात इतकं मोहन की ते ‘पाय’ नावाच्या पाश्चात्त्य पदार्थाच्या पारीसारखं खुसखुशीत होतं. खाली चीज, मग सारण, सगळ्यात वर टोमॅटो. हा क्रम लहरीने आलेला नाही. एवढा जाडजूड पदार्थ भाजायला अर्धा-पाऊण तास लागतो. चीज वर ठेवलं तर तोवर ते जळून जाईल, टोमॅटोला काही होत नाही. मेव्हण्यांना एक विचारून पाहा: शेजारची शिकागोची माणसं रोजच्या संध्याकाळी काय मागवायची? बहुधा पातळ, कडकडीत, चौकोनी तुकडे केलेला ‘टॅव्हर्न’ पिझ्झा. बियरसोबत हातरुमालावर मावेल एवढा तुकडा. जाड पिझ्झा अनेक शिकागोकर पाहुणे आले की खातात. २०१३ मध्ये जॉन स्टुअर्ट या न्यूयॉर्कच्या विनोदी निवेदकाने त्या जाड पिझ्झावर टीव्हीवरून तोंडसुख घेतलं, हा पिझ्झा नव्हे, कॅसरोल, म्हणजे खोल भांड्यात एकत्र भाजलेला पदार्थ, आहे म्हणून. शिकागो भडकलं. ज्यांनी वर्षभरात एकदाही तो खाल्ला नसेल तेही भडकले असणार, अशी मला दाट शंका आहे. आपला तो बाब्या!

बाकीचे भराभर सांगते. सेंट लुइसमध्ये यीस्टशिवायचा, बिस्किटासारखा पातळ पिझ्झा, आणि वर प्रोव्हेल नावाचं प्रक्रिया केलेलं मिश्र चीज. ते दाताला चिकटतं. बाहेरचे त्याला हसतात आणि तिथले परगावी गेले की त्याच्याच आठवणी काढतात. ओहायो नदीच्या खोऱ्यात पिझ्झा भाजून झाल्यावर वर थंड चीज टाकतात आणि तसंच देतात. ब्वेनोस आइरेसमध्ये साच्यात भाजलेला जाड पिझ्झा, त्यातही टोमॅटो नसलेली, कांदा-चीजची फुगासेता. वर हरभऱ्याच्या पिठाच्या ‘फाइना’चा तुकडा ठेवून दोन्ही एकदम खातात, त्याला म्हणतात घोड्यावर बसलेला पिझ्झा. आणि अननसाचा पिझ्झा हवाईचा नाही. तो कॅनडात, ओंटारियोतल्या चॅटममध्ये, सॅम पानोपुलोस यांनी १९६२ मध्ये केला. २०१७ मध्ये आइसलंडच्या राष्ट्राध्यक्षांनी त्यावर बंदी घालायला आवडेल असं थट्टेत म्हटलं, तर जगभर बातमी झाली.

आता तुमच्या कामाचा पिझ्झा, डेट्रॉइट. १९४६ मध्ये तिथल्या ‘बडीज रान्देव्हू’ नावाच्या बारमध्ये गस ग्वेरा यांनी तो सुरू केला. मोटारींच्या कारखान्यांत सुटे भाग ठेवायला निळसर पोलादाचे चौकोनी ट्रे असत, तेच पिझ्झाला घेतले असं सांगतात. जाड, काळसर पोलाद उष्णता धरून ठेवतं, त्यामुळे तेल लावलेल्या ट्रेमध्ये तळ जवळजवळ तळून निघतो. चीज विस्कॉन्सिनचं ‘ब्रिक’, स्निग्धांश जास्त. ते अगदी ट्रेच्या भिंतीपर्यंत पसरतात. तिथे ते वितळून, तापून कुरकुरीत जाळी होते, आणि त्या कोपऱ्याच्या तुकड्यावरून घरात भांडणं होतात. टोमॅटोचा रस सगळ्यात वर, दोन-तीन पट्ट्यांत.

तुम्ही याच्यापासून सुरुवात करा असं मी म्हणेन, कारण याला २५० अंशच लागतात. इथे तुमचा ओव्हन कमी पडत नाही, दुधाची तहान ताकावर भागवल्यासारखं वाटत नाही. साधारण २५ बाय ३५ सेंटीमीटरच्या, गडद रंगाच्या, जाड ट्रेला ३०० ग्रॅम ताकदीचं पीठ घ्या. पाकिटावर प्रथिनं बारा टक्के किंवा जास्त दिसली पाहिजेत. त्यात २१५ ग्रॅम पाणी, ६ ग्रॅम मीठ, ३ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट. पीठ हाताला चिकटेल, घाबरून कोरडा मैदा भुरभुरवू नका. हात ओला करून अर्ध्या-अर्ध्या तासाने तीनदा घड्या घाला, ते आपोआप आवळून येतं. मग तेल लावलेल्या ट्रेमध्ये बोटांनी दाबत पसरा. मागे सरकलं तर ओढाताण न करता वीस मिनिटं थांबा, पुन्हा दाबा. दुप्पट फुगलं की ३०० ग्रॅम चीज कडांपर्यंत. ब्रिक मिळालं नाही तर कमी ओलाव्याचं मोझरेला आणि चौथा हिस्सा चेडार. ओव्हनच्या खालच्या भागात १३ ते १५ मिनिटं. कडेचं चीज गडद तांबूस झाल्याशिवाय काढू नका. टोमॅटोचा रस आधी थोडा आटवून घ्या आणि बाहेर काढल्यावर गरमच वर घाला. ट्रे पातळ ॲल्युमिनियमचा असेल तर तळ पांढरा राहील. मग पिझ्झा झाल्यावर ट्रे दोन मिनिटं शेगडीवर, मंद आचेवर, फिरवत धरा. मी आजही घरी असंच करते.

हा दोन-तीनदा जमला की न्यूयॉर्ककडे वळा. त्यासाठी एक खर्च करावाच लागेल, सहा ते दहा मिलिमीटर जाडीची स्टीलची पाटी. नेपल्सच्या भट्टीच्या तळाला सोरेंतोची मऊ मातीची फरशी असते, ती उष्णता हळूहळू देते, म्हणून ४५० अंशांतही तळ जळत नाही. तुम्हाला उलटं हवंय, कमी तापमानातही उष्णता भराभर देणारा तळ. दगडापेक्षा स्टील ती कितीतरी वेगाने देतं. पाटी वरच्या तिसऱ्या भागात ठेवा, ओव्हन पूर्ण तापमानाला निदान ४५ मिनिटं तापवा. कोरड्या पिठाच्या वजनाच्या हिशेबाने ६३ टक्के पाणी, अडीच टक्के तेल, दीड टक्का साखर, दोन-सव्वादोन टक्के मीठ, आणि यीस्ट अगदी चिमूटभर. गोळे करून झाकून फ्रिजमध्ये दोन दिवस. थंडीत यीस्ट सुस्तावतं, पण पिठातली विकरं साखर बनवत राहतात. रंग आणि चव दोन्ही त्यातून येतात. २७० ग्रॅमचा गोळा ३० सेंटीमीटरला पुरतो. साताठ मिनिटं, शेवटची दोन ग्रिलखाली, जर तुमची ग्रिल वेगळी लावता येत असेल तर.

इथवरचं एकदा पुन्हा बघा: तुमचा डबल झिरो मैदा आणि ताजं मोझरेला या दोन्ही पिझ्झांना नको आहेत. सान मार्झानोचे टोमॅटो मात्र दोन्हीकडे चालतील, ते वाया जाणार नाहीत.

पिझ्झा खाणार कोण आणि कुठे, हेही विचारात घ्या. माझं दुकान काढलं तेव्हा मी फक्त नेपल्सचाच करत होते आणि तो खोक्यात भरून घरपोच पाठवत होते. भट्टीतून निघताना देखणा असायचा. वीस मिनिटांनी खोकं उघडलं की वाफेने काठ बसलेला आणि मधे खीर. तक्रारी आल्या की मी लोकांना नेपल्स समजावून सांगायची. सहा महिने समजावलं. मग एके दिवशी माझाच पिझ्झा खोक्यात घालून अर्धा तास ठेवला, खाऊन पाहिला आणि दुसऱ्या दिवसापासून घरपोच जाणारा पिझ्झा कमी आचेवर, जास्त वेळ, तेल घातलेल्या पिठाचा करू लागले. दुकानात बसणाऱ्यांना नेपल्सचाच देते. त्यात एक टेबल तो करपला म्हणून परत पाठवतं आणि शेजारचं कच्चा राहिला म्हणून. एकाच रात्री असं दोनदा झालंय. करपला म्हणणाऱ्याला मी आता विचारते, लहानपणी पिझ्झा कुठे खाल्लात? उत्तरावरून त्यांना काय हवंय ते बहुतेक वेळा कळतं. तुमच्या घरी मेव्हणे जेवायला येणार असतील तर डेट्रॉइटचा ट्रे काढा. तो जाड आहे म्हणून ते खूश, तळ कुरकुरीत आहे म्हणून न्यूयॉर्कच्या बाईही फार बोलणार नाहीत.

आणि एवढं सगळं वाचूनही मन नेपल्सवरच असेल तर? दोन वाटा आहेत. ४५० अंशांच्या वर तापणारे गॅसचे छोटे पिझ्झा ओव्हन आता मिळतात. अंगण किंवा मोकळी गच्ची असेल, आणि महिन्यातून चारदा तरी पिझ्झा करणार असाल, तरच घ्या. बंद खोलीत ते लावू नका.

दुसरी वाट स्वस्त आहे आणि ती शंभर टक्के नेपल्सची आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ते शहर उद्ध्वस्त होतं. भट्ट्या मोडल्या होत्या, लाकूड आणि मोझरेला महाग. तेव्हा गल्लीतल्या बायका घराच्या दाराशी तेलाची कढई मांडून पिझ्झा तळायच्या. गिऱ्हाइकांकडेही पैसे नसत, म्हणून व्यवहार आठ दिवसांच्या उधारीवर, ‘ओज्जे आ ओत्तो’. आज खा, आठवड्याने द्या. तो तळलेला पिझ्झा तिथे आजही मानाने खातात. तेल १८० ते १९० अंश तापवायला भट्टी लागत नाही, घरची कुठलीही शेगडी पुरते. वाफ क्षणात होते, गोळा फुगतो, आत ओला राहतो. नेमकं जे तुमच्या ओव्हनमध्ये होत नव्हतं तेच इथे होतं. आणि तुमच्याकडे उरलेला डबल झिरो मैदा इथे बिनदिक्कत वापरा. ८० ग्रॅमचे छोटे गोळे हाताने चपटे करा, मधे जरा पातळ, म्हणजे मधला भाग पुरीसारखा टम्म फुगणार नाही. एकेक बाजू मिनिटभर तळा, कागदावर निथळवा. वर चमचाभर दाट शिजवलेला टोमॅटो, किसलेलं चीज, तुळशीच्या जातीतलं बेसिलचं एक पान. याला ‘मोंतानारा’ म्हणतात. पहिला गोळा बहुतेक तेल पितो, कारण घाईत तेल पुरतं तापलेलं नसतं. तो स्वतः खाऊन टाका आणि दुसरा मेव्हण्यांना द्या.